डाव्या चाकाचा हाफ शाफ्ट

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

तुटलाय! आत, हाउसिंगमध्ये. मागचा डावा.

सकाळी साडेनऊला श्यामसुंदर काकांची व्हॅन चार माणसांनी ढकलत गाळ्यापाशी आणली. इंजिन चालू होतं. गिअर पडतो. क्लच ठीक. आणि गाडी जागची हलत नाही. खाली वाकून बघितलं — मधला लांब दांडा गरगर फिरतोय, मागची चाकं ढिम्म! म्हणजे हाफ शाफ्ट. मधल्या गिअरपासून हाउसिंगच्या नळीतून चाकापर्यंत जाते ती लोखंडी दांडी. तिच्यावरच चाक फिरतं. तिचे दोन तुकडे झालेत.

काका घाटकोपरातच केटरिंग करतात — लग्नं, मुंजी, बारशी. रविवारी मुलुंडला लग्न आहे, साडेतीनशे पानं. पातेली, शेगड्या, सगळं या व्हॅनमधून जातं. म्हणाले, "जान्हवी, शनिवारी दुपारपर्यंत दे गं बाई. नाहीतर टोचन लावून मोठ्या वर्कशॉपला नेतो. माझा पण इलाज नाही."

टोचन! तेही बाबांच्या खुर्चीपासून पाच फुटांवर.

बाबांनी चौऱ्याण्णव साली हा गाळा घेतला. गिरणी गेली, फिटरचे हात उरले, त्या हातांवर घेतला. एकतीस वर्षांत इथे आलेली एकही गाडी दोरीने बांधून परत गेलेली नाही. सगळ्या स्वतःच्या चाकांवर गेल्या. भटवाडीत बाबांचं नाव आहे ते एवढ्यावरच. "ज्या दिवशी गाडी टोचन लागान जायत, त्या दिवशी शटर खाली!" — हे मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ऐकतेय. तेव्हा बढाई वाटायची.

आज दुपारी डबा घेऊन आई आली आणि निरोप घेऊन आली. "बाबा म्हणतत, ही गाडी टोचनान गेली तर गाळो भाड्यान देऊन टाकूया. मोबाइलवालो कधीचो विचारता."

बाबा तिथेच बसले होते. त्याच खुर्चीत. आईने त्यांचं वाक्य त्यांच्यासमोर मला सांगितलं आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पाच महिने.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आधी चाक काढलं. मग ड्रम. ड्रम चिकटून बसला होता, लाकडी ठोकळा लावून सगळ्या बाजूंनी ठोकला तेव्हा सुटला. ड्रमच्या मागे प्लेट, तिचे चार नट. तीन आले. चौथा गंजलेला. तेल सोडून अर्धा तास वाट बघितली, मग पान्यावर पाइप चढवून सगळं वजन टाकलं. खटकन आवाज झाला, मला वाटलं बोल्ट तुटला — पण नाही, नट फिरला. एवढ्यावर केवढा आनंद!

मग पुलर. दांड्यावर सरकणारं वजन असतं, ते मागे आपटायचं. मी पाय रोवून, दात आवळून पहिलाच फटका मारला आणि पुलरसकट धाडकन मागे पडले. सगळं फटक्यासरशी बाहेर! पण बाहेर काय आलं? बेअरिंग, त्याला शाफ्टवर धरून ठेवणारी रिंग आणि शाफ्टचा वीतभरसुद्धा नसलेला तुकडा. बाकीचा शाफ्ट आत. टॉर्च मारला की त्याचं तोंड दिसतं. चार बोटं आत, तेलाने चमकणारं.

शेजारच्या वेल्डिंगवाल्या शिवदासने हात देऊन उठवलं. बाबा उठले नाहीत.

आता जे लिहायचंय ते लिहू का नको असं चाललंय. वही माझीच आहे, लिहिते.

तुटलेलं तोंड पुसलं. रिंगेच्या अगदी कडेला, शाफ्टवर, एक खाच आहे. बारीक, सरळ, नखाएवढी. तिथूनच तडा सुरू झालाय, जुना काळा डाग पार मध्यापर्यंत गेलाय. ती खाच ग्राइंडरची आहे. म्हणजे माझी.

दिवाळीच्या आधी याच व्हॅनचं याच बाजूचं बेअरिंग मी बदललं होतं. एकटीने केलेलं पहिलं मागच्या चाकाचं काम. जुनी रिंग शाफ्टवर घट्ट बसलेली असते. ती कशी काढायची हे बाबांनी मला दहा वेळा दाखवलंय — ड्रिलने अर्धवट भोक पाडायचं, मग छिन्नीचा एक ठोका, रिंग आपोआप फुटते. "ग्राइंडर लावूचो नाय. शाफ्टाक लागलो तर शाफ्ट मेलो." शब्द पाठ आहेत मला! पण त्या दिवशी काकांना घाई होती, ड्रिलचं पातं बोथट होतं आणि ग्राइंडर हाताशी होता. रिंग दोन मिनिटांत कापली. शेवटी जरासा घसरल्यासारखा वाटला. बोट फिरवून बघितलं, काही नाही म्हटलं आणि नवीन बसवून टाकलं.

बाबा होते तिथे तेव्हा. मी ग्राइंडर चालू केला आणि ते खुर्चीतून उठून बाहेर जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. मला वाटलं, मी काम करतेय हेसुद्धा यांना बघवत नाही. फार लागलं होतं ते. त्या रागातच बहुतेक पुढचं सगळं भराभर उरकलं.

तो तुकडा चिंध्यांत गुंडाळून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातला आणि डबा फळीवर अगदी मागे सारला. कोणी बघितलं नाही.

मंगळवार, संध्याकाळ

अबोल्याचं कारण एकदा लिहूनच ठेवते. माझ्या डोक्यात त्याचा रोज निवाडा चाललेला असतो, आणि रोज मीच जिंकते.

गेल्या सप्टेंबरात आमचं जुनं गिऱ्हाईक विद्याधर सर, त्यांच्या गाडीचं काम बाबांनी केलं होतं. हेच काम. प्लेटचे चार नट असतात, त्यातले दोन आवळायचे राहिले. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे चाक शाफ्टसकट बाहेर सरकत आलं. सिग्नलला गाडी हळू होती म्हणून निभावलं. कोणाला खरचटलंही नाही. सर दुसऱ्या दिवशी आले, शांत माणूस, फक्त विचारलं, "गुणाजी, हे कसं झालं?" बाबा म्हणाले, रस्ते खराब. आणि मी म्हटलं, "नाही सर, चूक आमची आहे. बाबांना मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करत नाहीत, नट दिसले नसतील."

सगळ्यांसमोर म्हटलं. सर, शिवदास, दोन रिक्षावाले, एक चहावाला.

खोटं होतं का? नव्हतं. आपल्या हातून कोणी मेलं असतं तर? तेव्हाही रस्ते खराब म्हणणार होतो का? मी आजही तेच म्हणेन. पण मोतीबिंदूचं चारचौघांत सांगायला हवं होतं का, एवढंच कधी कधी वाटतं.

त्या दिवसापासून बाबांनी पाना हातात धरलेला नाही. आणि मला एक शब्द नाही. समोर असले तरी मी नसल्यासारखी. आमच्याकडे अबोला धरायची जुनी रीत आहे — आजोबा सख्ख्या भावाशी नऊ वर्षं बोलले नव्हते, एका फणसावरून! पण फणस वेगळा आणि मुलगी वेगळी ना?

बुधवार, ५ फेब्रुवारी

मॅग्नेट लावला. चिकटतो, ओढलं की सुटतो. वीस वेळा.

लांब चिमटा. पकड घेत नाही, तोंड गुळगुळीत आहे आणि तेलकट.

क्लचची तार पाइपातून घालून तिचा फास केला, शाफ्टच्या गळ्यात अडकवला. हे मला वाटलं जमणार! फास आवळला, ओढलं, शिवदासनेही ओढलं. शाफ्ट हूं की चूं नाही. आतल्या टोकाला दाते असतात, ते गिअरच्या दात्यांत अडकलेत. तुटताना पीळ बसला असणार.

मग वेल्डिंग. शिवदासने रॉड लांब करून शाफ्टच्या तोंडावर एक नट डकवायचा प्रयत्न केला. आत गिअर ऑइल! भस्सकन धूर आला, मागून ज्वाळ. ओलं पोतं टाकून विझवलं. ऑइलचा तो वास अजून केसांत आहे. शिवदास घाबरला. "जान्हवी, सॉरी यार, मी परत नाय लावणार. टाकी जवळ आहे. दोघांची वाट लागेल." त्याचं बरोबर आहे.

बाबा या सगळ्यात खुर्चीत बसून होते. आग लागली तेव्हा अर्धे उठले. विझल्यावर बसले. त्यांना येतं हे! मला माहीत आहे त्यांना येतं. असले अडकलेले तुकडे त्यांनी मी शाळेत असताना काढलेत. कसे काढले, ते बघायला मी तेव्हा गाळ्यात येत नव्हते. मला वास आवडायचा नाही.

डिप्लोमा केला, अंधेरीला कंपनीत चार वर्षं ड्रॉइंगं काढली, आणि एक दांडी नळीतून बाहेर काढता येत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळी काकांचा फोन. निघाला का? म्हटलं, निघतोय. दुपारी परत. म्हटलं, निघतोच आहे. "हे बघ, मी टोचनवाल्याला शनिवारी बाराचं सांगून ठेवलंय. राग मानू नकोस." कसला राग मानणार!

आज काहीही नवीन केलं नाही. तेच मॅग्नेट, तीच तार. करण्यासारखं काही उरलं नाही की माणूस तेच तेच करतो. दोनदा फास सुटून हाताची साल गेली. गाडीखाली झोपून वरच्या, मधल्या गिअरच्या गोळ्याकडे बघत राहिले. शिवी दिली. शाफ्टला नाही, मला.

आज डबा नव्हता, घरीच जेवायचं होतं. सकाळी निघताना आई म्हणाली, "तूच विचार ना गो तेंका. तोंड झिजाचा नाय तुझा." मी म्हटलं, मी विचारणार नाही. पाच महिने एक शब्द नाही आणि आता कामापुरतं गोड बोलू?

आणि मग घरी जेवताना विचारलं! रात्रीची वाट न बघता, दीड वाजताच. समोरासमोर पाटावर बसून. बांगड्याची कढी होती. आवाज भलताच निघाला — "बाबा, शाफ्टचा तुकडा निघत नाही. काय करू?"

बाबांनी बांगड्याचा काटा काढला. ताटाच्या कडेला ठेवला. दुसरा काढला. आईचा हात डावावर थांबलेला. मग आईकडे बघून म्हणाले, "कढयेत मीठ कमी आसा."

मी हात धुतला आणि उठले. जिन्यात बसून रडले. तीस वर्षांची घोडी जिन्यात बसून रडली, समोरच्या जानकी मावशींनी बघितलं आणि परत दार लावून घेतलं. त्यांचे आभार.

एवढं हतबल कधीच वाटलं नव्हतं. शाफ्ट निघत नाही म्हणून नाही. माझा अभिमान मी काढून ताटात ठेवला आणि त्यांना मीठ कमी लागलं!

गुरुवार, संध्याकाळ

बाबा आईला म्हणाले, "उद्या सकाळी नारळ हाड. गाळ्यार ठेवूचो आसा."

आता नारळ! काम फारच अडलं की बाबा गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गावच्या देवाला, सगळ्यांच्या वतीने. माझ्या आठवणीत दोनदाच घातलंय. नारळाने बोल्ट सुटले असते तर वाण्यानेच गॅरेज काढलं असतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिणार आहे.

नऊला आई नारळ, पानसुपारी, अगरबत्ती घेऊन आली. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. व्हॅनच्या मागच्या बाजूला, उघड्या डाव्या हाउसिंगसमोर पाटावर नारळ ठेवला. शिवदासला बोलावलं. आई, शिवदास आणि मी ओळीने उभे. गाऱ्हाण्यात एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही रीत. मी हात जोडले, पण मनात धुसफुस चालूच.

बाबांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज जी तुझी लेकरां हंय उभी आसत, तेंची तुका हात जोडून विनवणी आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गाळ्यातून एकतीस वर्सां गाडी आपल्या चाकार गेली. तशीच हीव जावदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथवर नेहमीचं. मग बाबांचा आवाज तसाच, देवापुढचा, पण वेग कमी झाला.

"डाव्या बाजूक जो तुकडो अडाकलो आसा, तो नुसतो वडून येवचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका उजवी बाजू जॅकार वर चढवक व्हयी. डावी खाली, उजवी वर. म्हणजे तेल खाली येता आणि तुकडो उताराक लागता रे म्हाराजा!"

मी डोळे उघडले. शिवदास माझ्याकडे बघत होता. आई मात्र ठणकावून — "व्हय म्हाराजा!"

"मगे गाडी गिअरात घालूची. आणि एकान उजव्या बाजूचां चाक हातान मागे-पुढे फिरवूचां. उजवां फिरला काय आतलो डावो गिअर उलटो फिरता, आणि अडाकलेले दाते सुटतत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी मीही म्हटलं. जोरात.

"दुसऱ्यान त्याच येळार तारेचो फास घालून वडूचां. हिसको मारूचो नाय. कुर्ली बिळातसून काढतत तशी, सबुरीन. ज्या कोणाक ह्यां ठावक नसात, तेका तशी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवाला कशाला हवंय गिअरचं ज्ञान! पाच महिने मला एक शब्द न बोललेला माणूस देवाला हाफ शाफ्ट काढायला शिकवत होता, आणि मी शेजारी उभी राहून ऐकत होते. मला हसू आलं आणि त्याच वेळी नाकातून पाणी यायला लागलं. पदर नव्हता, कॉटन वेस्टने पुसलं, नाक काळं झालं.

शेवटी गाऱ्हाण्यात नेहमी असतं ते — "कोणाचा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा." ते म्हणताना बाबांचा आवाज फाटला. मला वाटलं, हे माझ्यासाठी. सप्टेंबरसाठी. देवाकडे माझ्यासाठी परस्पर माफी मागतायत. थोडा रागही आला, खरं सांगायचं तर.

नारळ फोडला. मी लगेच उजवीकडे जॅक लावला. डावी बाजू स्टँडवर कमी केली, उजवी उचलली, जेवढी जाईल तेवढी. गिअर टाकला. डाव्या बाजूला घमेलं ठेवून फास घातला, आवळला. मग कळलं की चाक फिरवायला उजवीकडे माणूस हवा. शिवदासला हाक मारणार, एवढ्यात गाडीखालून पलीकडे बघितलं तर दोन पाय. बाबांच्या चपला. उजव्या चाकापाशी उकिडवे बसलेले.

चाक फिरल्याचा आवाज आला — टक, आतून. मागे. पुढे. टक. मी तार ताणून धरली. हिसका नाही. घमेल्यात तेलाची धार लागली, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली. मागे, पुढे, मागे. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता आणि मला त्यांचा. मध्ये अख्खी गाडी. पण तार जरा सैल पडली की पलीकडे चाक थांबायचं, ताणली की परत सुरू. त्यांना कसं कळत होतं देव जाणे! हातालाच कळत असेल.

आणि तो आला. आधी बोटभर. मग वीतभर. मग सुळकन सगळा, तेलाने माखलेला, माझ्या मांडीवर.

"आला!" मी ओरडले. "बाबा, आला!"

पलीकडे चपला उठल्या.

शिवदासने शिट्टी मारली, आईने राहिलेला अर्धा नारळही फोडून वाटून टाकला. बाबा वळसा घालून या बाजूला आले. शाफ्ट उचलला, बाहेर उजेडात नेला, डोळ्यांपासून चार बोटांवर धरला. दिसत नाही ना नीट. मग तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. कडेला आल्यावर अंगठा थांबला. परत मागे गेला, परत थांबला.

खाचेचा दुसरा काठ या तुकड्यावर होता. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! एक तुकडा श्रीखंडाच्या डब्यात लपवून मी निर्धास्त होते.

बाबांनी शाफ्ट फळीवर ठेवला आणि त्याच्यावर फडकं टाकलं. माझ्याकडे बघितलं नाही.

त्यांना कळलंय.

शुक्रवार, संध्याकाळ

दुपारी कुर्ल्याहून शाफ्ट, बेअरिंग, सील आणलं. हाउसिंग धुऊन काढलं, कचरा राहू नये म्हणून दोनदा. रिंग तापवून बसवली, थंड होईपर्यंत हात लावला नाही. चार नट. चारही आवळले, मग परत चारही. गाडी गल्लीतून अर्धा तास फिरवून आणली. आवाज नाही, गळती नाही. लोण्यासारखी चालतेय.

आनंद व्हायला हवा. होत नाही.

उद्या काका विचारणार — तीन महिन्यांत शाफ्ट तुटला कसा? प्रीतमला फोन केला. माझा भाऊ मालाडला ऑफिसात असतो, त्याला सगळं सोपं दिसतं. "लोड जास्त होता म्हणून सांग. पातेली भरून नेतात ना ते? झालं तर मग. काका काय भिंग घेऊन येणारेत?"

सांगता येईल. काका विश्वास ठेवतील. पण तिथे खुर्चीत बाबा असतील. "रस्ते खराब" म्हणाले म्हणून ज्यांना मी चारचौघांत उघडं पाडलं, त्यांच्यासमोर मी "लोड जास्त" म्हणायचं!

आणि नाही सांगितलं तर ते सांगतील. का सांगणार नाहीत? पाच महिने वाट बघितलीय. फडक्याखाली पुरावा ठेवलाय. मी त्यांच्या जागी असते तर सांगितलं असतं. नव्हे, मी सांगितलंच होतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळ

मीच सांगणार. डबा फळीवरून काढून पुढे ठेवलाय.

शनिवार, दुपार

काका पावणेबाराला आले, टोचनवाल्याला नको म्हणून सांगूनच. गाडी चालू करून बघितली, खूश झाले. मग विचारलंच. "पण तुटला कसा गं?"

मी डबा उचलला. तोंड उघडलं. माझ्या आधी बाबा खुर्चीतून उठले, फडकं बाजूला केलं आणि शाफ्ट काकांच्या हातात दिला.

"श्यामराव, ह्यो लोडान तुटाक नाय. जुनी रिंग काढताना ग्राइंडर लागलो. माझ्या चेडवान, जान्हवीन लावल्यान. पण चूक माझी. मी हंय ह्याच खुर्चेर बसललंय. ग्राइंडर बघलंय आणि उठान भायर गेलंय. अबोलो धरललंय, म्हणान 'थांब' म्हणूक नाय."

मग माझ्याकडे वळले. "जान्हवी, ता ड्रिलाचा पाता आदी बदल."